कोऱ्या ऐरणीचा टोला

ठोकेकाकूच्या पायाला भिंगरी होती, हे गावात कुणाला वेगळं सांगायला नको. लोहाराच्या दुकानात ती कधी खाली टेकलेली कुणी पाहिली असेल, तर त्यानं पुढे यावं आणि शपथेवर सांगावं. घण मारत नसेल तेव्हा ती कोळसा चाळायची. कोळसा चाळून झाला की दारात जाऊन रस्ता बघायची. रस्त्यात बघण्यासारखं काही नसलं की परत आत येऊन लोखंड विझवायच्या कुंडीतलं पाणी ढवळायची. आता पाणी काय ढवळायची गोष्ट आहे? पण ढवळायची. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी दोन दिवसांत कपाळाला हात लावला होता. "हिला कुठेतरी कामाला जुंपा रे, नाहीतर घरातल्या घरात फिरून फरशी झिजवेल." म्हणून तिला भात्यापाशी उभी केली. तिथून ती घणापर्यंत कशी पोचली, ते ओघात येईलच.

पण त्या वर्षीची तिची तगमग नेहमीची नव्हती. तिच्या जिवाला घोर लागला होता, आणि तो तिनं कुणालाही सांगितला नव्हता. न सांगितलेला घोर बाईला स्वस्थ बसू देत नाही. इथे तर बाई मुळातच बसणारी नव्हती.

त्यासाठी दुकानाची रीत आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

दुकान तिठ्यावर. गाव नंतर आलं, दुकान आधी, असं लोहाराच्या घरात सगळे म्हणायचे, आणि खोटंही नसावं. कारण तिन्ही रस्ते दुकानाच्या दारात येऊन असे थबकतात की बाकीचं गाव मागून गोळा झालं असावं हे शेंबड्या पोरालाही कळेल. पणजोबांच्या काळात घोड्यांचे नाल व्हायचे. मग बैलगाड्यांच्या चाकांवर चढवायच्या लोखंडी धावा. मग घराघरांची फाटकं, कड्या, कोयंडे. पुढे मोटारी आल्या, घोडे गेले, तेव्हा जुन्या मोटारींच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या कुऱ्हाडी व्हायला लागल्या. काम बदलत गेलं. ऐरण तीच, भट्टी तीच, छपराला धरलेली काजळीसुद्धा तीच. उंबऱ्याचा दगड मधोमध इतका झिजलेला की पाऊस झाला की त्यात चिमणी आंघोळ करून जायची.

कामाला दोघं लागतात. एक लोहार. त्याच्या डाव्या हातात सांडशी, सांडशीत लाल लोखंड, उजव्या हातात छोटी हातोडी. दुसरा समोर घण घेऊन उभा. हातोडी लोखंडावर जिथे टिंग करेल, तिथेच घणानं धप्प करायचं. टिंग, धप्प. टिंग, धप्प. बोलायचं काही नाही. डोकं हातोडीचं, ताकद घणाची. आणि हातोडी लोखंड सोडून कोऱ्या ऐरणीवर वाजली, की तो आवाज निराळा, स्वच्छ, लांबवर जाणारा. त्याचा अर्थ एकच: थांब. घण डोक्यावर गेला असला तरी हवेतच रोखायचा. कोऱ्या ऐरणीचा शब्द मोडायचा नाही, असा त्या घरात दंडकच होता. पणजोबांच्या काळात एका गड्यानं मोडला, तेव्हापासून पणजोबा नऊ बोटांनी जेवले. त्यानंतर कुणाची छाती झाली नाही.

आता दुसरी रीत. दुकान एका हातातून दुसऱ्या हातात जायचं, ते कुणी मेल्यावर नाही आणि चार माणसं बोलावूनही नाही. भर कामात जायचं. ठोकेकाकूनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ती तेव्हा नवी नवरी, भात्यापाशी. सासरे हातोडीवर, नवरा घणावर, ऐरणीवर चाकाची धाव लालभडक. काम अर्धंमुर्धं झालेलं. आणि सासऱ्यांनी एकाएकी कोऱ्या ऐरणीवर टोला दिला. नवऱ्यानं घण रोखला, त्याला वाटलं काही चुकलं. सासऱ्यांनी हातोडी फिरवली, दांडा त्याच्या पुढे केला आणि म्हणाले, "लाल आहे तोवर घे. गार लोखंड कुणाच्या हातात द्यायचं नसतं."

झालं. एवढंच. हात धुतले आणि उंबऱ्यावर जाऊन बसले.

इकडे नवऱ्याच्या हातात हातोडी आली, पण घण पोरका झाला. गडी त्या दिवशी आला नव्हता, लोखंड काळवंडायला लागलं होतं. नवऱ्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. दुकानात ती एकटी. तिनं भात्याची दोरी सोडली आणि घण उचलला. सासूबाई आतून "अगं अगं अगं" करत धावल्या, तोवर पहिला टोला पडलासुद्धा होता, आणि नेमका पडला होता. त्या दिवसापासून तिचं नाव ठोकेवहिनी, आणि केस पांढरे झाल्यावर ठोकेकाकू. खरं नाव विचाराल तर आता तिलाही आठवावं लागेल.

सासरे मात्र उंबऱ्यावर बसले ते बसलेच. आधी आतल्या कामात नाक खुपसायचे, हे असं नको, ते तसं कर. मग गप्प झाले. मग भट्टीकडे पाठ करून बसायला लागले. एकदा सुनेला विचारलं, "काय गं, हे दुकान कुणाचं?" पुढचा हिवाळा त्यांनी पाहिला नाही. चांगला खणखणीत माणूस, दुखणं नाही खुपणं नाही. हातोडी सुटली आणि माणूस सुटला, असं तिनं मनाशी पक्कं धरलं. आता ते खरं की खोटं देव जाणे, पण मनात बसलं ते बसलं.

आणि आता नवऱ्याचे डोळे चालले होते.

पहिल्यांदा कळलं ते हसण्यावारी. संध्याकाळी हा बाहेरून आला आणि खुंटीवरच्या कोटाला म्हणाला, "या, कधी आलात?" ती पोट धरून हसली. कोटाला चहा विचारू का म्हणाली. तोही हसला, पण जरा उशिरा हसला. मग पेल्याच्या शेजारी पाणी ओतणं सुरू झालं. मग समोरून येणाऱ्याला आवाज ऐकेपर्यंत ओळख न देणं. आणि मग एक दिवस कुदळीचं पातं ऐरणीवर असताना टिंग बोटभर बाजूला पडलं.

घण हवेत होता. विचार करायला वेळ कुठला? तिनं धप्प केलं ते टिंगवर नाही, जिथे पडायला हवं होतं तिथे. कुदळ सरळ झाली. लोहारानं ती वर धरली, अंगठा फिरवून पाहिली आणि म्हणाला, "बरी झाली."

बस्स, तिथून ती जी अडकली ती अडकली. रोज हातोडी थोडी थोडी भरकटायची आणि रोज घण आपला आपण नीट पडायचा. एवढी वर्षं समोर उभी राहिलेली बाई. कुठल्या टोल्यानंतर कुठला टोला, तिला काय ठाऊक नव्हतं? तिनं हातोडीकडे बघणंच सोडलं, लोखंडाकडे बघायला लागली. पंचाईत एकच होती. हातोडी कधीकधी लोखंड चुकवून सरळ कोऱ्या ऐरणीवर वाजायची. आता हे "थांब" म्हणावं की नेम चुकला म्हणावं? म्हणून तिनं मनातल्या मनात स्वतःपुरता कायदा केला. लोखंड काळं पडल्यावर ऐरण वाजली तर थांबायचं. लोखंड लाल असताना वाजली तर चुकलं समजायचं आणि मारत राहायचं. लाल लोखंड असताना कोण शहाणा थांबतो?

झाकली मूठ सव्वा लाखाची. गिऱ्हाईक येत होतं, कुऱ्हाडी होत होत्या, गावाला पत्ता नव्हता. पण तिचं काय होत होतं ते तिलाच माहीत. दर टोल्याला जीव टांगणीला. दिवसातून शंभरदा ती त्याच्या तोंडाकडे बघायची, याला कळलंय का? त्याचं तोंड म्हणजे सुट्टीच्या दिवसाचं दुकान, फळ्या लावलेल्या. तो जन्माचा घुमा. कामात हातोडी बोलायची म्हणून तोंडाला सवयच नव्हती. घरी आणखी भाजी हवी असली तरी ताटावर बोटानं टिंग करायचा, आणि ही बया इतकी वर्षं वाढत आली.

"अहो, एकदा डोळे दाखवून या की डॉक्टरला," तिनं एकदा धीर करून म्हटलं.

"का? त्यानं कधी पाहिले नाहीत डोळे?"

"थट्टा सुचतेय!"

"धूर लागतो डोळ्यांना. लोहाराच्या नाही लागणार तर काय शिंप्याच्या लागेल?" असं म्हणून तो भट्टीकडे वळला. एका दमात एवढं बोलला म्हणजे पाणी मुरतंय, हे तिनं ओळखलं.

त्यात समोरचा वेल्डर. दुकान रस्त्यापलीकडे, जीभ मात्र कायम रस्त्याच्या अलीकडे. दिवसभर ठिणग्या उडवायचा आणि मध्येच तोंडावरची काच वर करून चौकशा करायचा. माणूस वाईट नाही, पण कानाचा तिखट. एके दिवशी म्हणाला, "काकू, तुमच्या घड्याळाला काय झालंय हो?"

"कुठलं घड्याळ?"

"तुमचं टिंग-धप्प हो. लहानपणापासून ऐकतोय. पूर्वी टिंग म्हटलं की लगेच धप्प. हल्ली टिंग, मग जरा विचार, आणि मग धप्प. वय झालं वाटतं तुमचं?"

"तुझ्या जिभेला टाका मार आधी एखादा, वेल्डिंगचा!" ती म्हणाली आणि आत आली. वय झालं तिचं, असं वाटलं मेल्याला. वाटू दे. खुशाल वाटू दे. पण आज याला ऐकू आलं, उद्या सगळ्यांना येईल. तिनं कुंडीतलं पाणी ढवळ ढवळ ढवळलं.

मग आणखी एक विचित्र गोष्ट घडली. लोहार बसनं लेकीच्या गावी गेला. एकटा. लेकीच्या दाराची कडी निखळली होती म्हणे. अहो, जो माणूस लेकीच्या बारशाला ऐरणीवरून उठून आला आणि परत ऐरणीवर गेला, तो कडीसाठी बसमध्ये चढतो? ठोकेकाकूला झोप नाही की घास नाही. लेकीचं म्हणणं तिला माहीत होतं. "आई, पुरे आता. दुकान बंद करा आणि आमच्याकडे या. बाबा गच्चीत बसतील उन्हाला." गच्चीत बसतील! म्हणजे उंबराच की तो, जरा उंचावरचा. दोघं मिळून काही शिजवतायत याबद्दल तिची खात्री पटली. तो परत आला तेव्हा तिनं आडून आडून विचारलं, "बसली का कडी?"

"बसली."

"लेक काय म्हणाली?"

"ठीक आहे म्हणाली."

यातून काय काढायचं कपाळ?

आणि अशात मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेले, आता वेळ जात नव्हता म्हणून गावाचा इतिहास गोळा करत फिरायचे. ते दुकानात येऊन लोहाराला विचारायचे आणि उत्तरं ठोकेकाकू द्यायची. पणजोबांचं बोट, घोडे, धावा, सगळं तिनंच सांगितलं. लोहार मध्ये मध्ये "हं" म्हणायचा. तर हे मास्तर एका सकाळी आनंदानं फुलून आले.

"बाजाराच्या फाटकाची खालची बिजागरी गेलीय, माहीतच आहे तुम्हाला."

माहीत नसायला काय झालं? सकाळी फाटक उघडलं की ते जमिनीला घासून असं किंचाळायचं की सगळा बाजार दातओठ खायचा. ठोकेकाकूच्या तर डोक्यात जायचं ते.

"ती बिजागरी तुमच्या पणजोबांनी घडवलेली. नगरपालिका म्हणत होती वेल्डिंग करून टाकू. मी म्हटलं, छे! ज्या भट्टीत जुनी झाली त्याच भट्टीत नवी होऊ द्या. आणि सगळ्या गावासमोर. लोकांना कळू दे, दुकान म्हणजे काय होतं ते."

"होतं काय, आहे की अजून," ती फणकारली. पण तोंडचं पाणी पळालं होतं. गावासमोर! ती घाईघाईनं म्हणाली, "यांना बरं नाहीये मास्तर. खोकला आहे. आणि माझा खांदा धरलाय. आणि कोळसाही चांगला येत नाही हल्ली, नुसती माती..."

"करू," लोहार म्हणाला.

"अहो, पण..."

"करू म्हटलं ना."

मास्तर गेले. मग तिनं काय काय केलं नाही! सांडशी लपवली, त्यानं दुसरी घेतली. खांद्याला पट्टा बांधून कण्हत फिरली, तो म्हणाला, "डावा दुखत होता ना काल?" आणि ती वरमली. शेवटी तिनं लेकीलाच बोलावून घेतलं. तिला वाटलं, लेक येईल, हे काय खूळ म्हणेल, बापाला थांबवेल. लेक आली, बॅग ठेवली आणि म्हणाली, "करू दे ना गं आई. बाबांना करायचंय."

"तुला काही कळत नाही!" ती ओरडली. "चार माणसांत हसं झालं तर? हातातली हातोडी सुटली तर? आजोबांचं काय झालं ते विसरलीस?"

लेकीनं तिच्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. "तू चहा घे आधी," म्हणाली. ठोकेकाकूनं चहा उभ्यानंच घेतला, तोही अर्धा.

आणि तो दिवस उजाडला. दुकानाची दोन्ही दारं सताड उघडी. तिठ्यावर ही गर्दी. नगरपालिकेचे अध्यक्ष, दुकानदार, शाळेची पोरं, कडेवरची लेकरं. वेल्डर आपलं काम टाकून अगदी पुढे, तोंडावरची काच कपाळावर सरकवून. मास्तर दारात उभे राहून बोलत होते आणि बोलता बोलता पणजोबांची दोन बोटं गेली म्हणाले. ठोकेकाकूला ते दुरुस्त करायचंही भान नव्हतं. तिनं एकच ठरवलं होतं: आज आपली नजर लोखंडावरून हलू द्यायची नाही. हा कुठेही वाजवू दे, घण बरोबर पडला पाहिजे. आजचा दिवस निघाला की पुढचं पुढे.

पट्टी भट्टीत गेली. काम तसं साधं. जाड पट्टीचं टोक वळवून त्याची नळी करायची, तिच्यात फाटकाचा खुंटा बसतो. पण नळी वळवताना घाव इकडचा तिकडे पडला की नळी चेपते आणि पट्टी भंगारात जाते. लेक आपणहून भात्याला लागली होती, लहानपणी लागायची तशी. पट्टी लाल होऊन बाहेर आली.

टिंग. धप्प. टिंग. धप्प.

पहिली हातोडी बरोबर. दुसरी बरोबर. तिसरी बोटभर बाहेर. घण आपल्या जागी. टोक वळायला लागलं. लोकांत कौतुकाची कुजबुज झाली. तिला घाम फुटला होता, पण जरा धीर आला. निघतंय, निघून जातंय. नळी अर्धी झाली, लोखंड अजून चांगलं लाल, आणि हातोडी कोऱ्या ऐरणीवर वाजली.

चुकला, तिनं मनात म्हटलं. आणि धप्प केलं.

परत कोरी ऐरण. स्वच्छ, तिठ्यापर्यंत जाणारा आवाज. अरे देवा, एवढं चुकतोय आज! लोकांना कळायच्या आत तिनं लगेच धप्प केलं, पूर्वीसारखं, मध्ये विचार न घेता.

तिसऱ्यांदा कोरी ऐरण. धप्प.

मग हातोडी वाजलीच नाही. लोहारानं ती खाली आणलीच नाही. पण ठोकेकाकू बघत होती लोखंडाकडे. पुढचा घाव कुठे ते तिला लख्ख दिसत होतं, आणि घण आपल्या चालीनं वर गेलाच होता. तो आला. धप्प.

नुसतं धप्प. आधी टिंग नाही.

असा आवाज त्या दुकानातून गावानं कधी ऐकला नव्हता. पोरांना काही कळलं नाही, पण म्हातारीकोतारी माणसं एकदम गप्प झाली. वेल्डरनं कपाळावरची काच काढून हातातच घेतली.

तिनं मान वर केली. लोहार हातोडी छातीशी धरून उभा होता.

"मी थांब म्हटलं होतं," तो म्हणाला.

"मला वाटलं..." आणि मग जिभेला हाडच राहिलं नाही. इतके महिने दातांखाली धरलेलं ते सगळ्या गावासमोर निसटलं. "मला वाटलं, चुकलात."

भातासुद्धा थांबला होता. ठोकेकाकूला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं. आपण केलं. जे झाकत आलो ते आपल्याच तोंडानं उघडं केलं, तेही अध्यक्षांसमोर. आता हा जाईल आणि उंबऱ्यावर बसेल.

लोहाराच्या मिशीत काहीतरी हललं.

"रोज चुकतो," तो म्हणाला. "आज नव्हतो चुकलो."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? मला काय तुझ्या घणाचा आवाज कळत नाही? मी एकीकडे वाजवतो, धप्प दुसरीकडून येतं. पहिल्याच दिवशी कळलं, कुदळीच्या वेळी."

"आणि बोलला नाहीत?"

"तू कुठे बोललीस?"

ती भात्याकडे वळली. लेक रडत होती आणि हसतही होती. "आई, बाबा माझ्याकडे आले होते ते डोळ्यांच्या डॉक्टरसाठीच. काही होण्यासारखं नाही म्हणाले डॉक्टर. बाबांनी मला शपथ घातली होती, आईला बोलायचं नाही, नाहीतर ती फेऱ्या मारून मारून भिंतींना भोकं पाडेल."

लोक हसले. ठोकेकाकू हसली नाही. तिला आता कुठे ध्यानात येत होतं. लोखंड लाल. काम अर्धं. कोऱ्या ऐरणीचा टोला. हे तिनं पाहिलेलं होतं! स्वतःच्या डोळ्यांनी, याच दुकानात, भात्याची दोरी हातात असताना. हा तिला थांब म्हणत नव्हता, हा तिला घे म्हणत होता. एकदा नाही, तीनदा म्हणाला. आणि ती मारत सुटली होती.

लोहारानं हातोडी फिरवली आणि दांडा तिच्या पुढे केला.

"काहीतरीच काय," ती म्हणाली. "मी कशी घेऊ? बाईनं कधी..."

"घण उचललास तेव्हा विचारलं होतंस का?"

"आणि तुम्ही? तुम्ही काय करणार? उंबऱ्यावर बसणार? मी नाही बसू देणार, सांगून ठेवते! मी तो दगड उपटून फेकीन!"

"घण कोण मारणार मग?" त्यानं विचारलं. "डोळे हातोडीला लागतात. घणाला कान पुरेत. तू वाजव, मी येतो." आणि मग जरा चिडूनच, "आता घेतेस का गप्पा मारतेस? गार होतंय ते."

गार झालंच होतं. पट्टी परत भट्टीत गेली, लेकीनं भाता ओढला. ठोकेकाकूनं घण खाली ठेवला आणि हातोडी घेतली. दांड्याला त्याच्या अंगठ्याचा खड्डा पडलेला, तिचा अंगठा त्यात अर्धाच भरत होता. समोर तो वाकून चाचपडत घण शोधत होता. ती धावणारच होती मदतीला. पाय उचललाही होता. मग थांबली. त्याला सापडला.

पट्टी लाल होऊन ऐरणीवर आली. तिनं वाजवलं. टिंग. तिच्या जिवात जीव नव्हता. पण धप्प आलं ते नेमकं टिंगवर, जड आणि सावकाश. टिंग. धप्प. नळी वळत गेली. तिला सगळं दिसत होतं, आणि आता दुसऱ्या कुणाच्या नावानं बघायचं नव्हतं. टिंग, धप्प. बाहेर वेल्डर कुणाला तरी सांगत होता, "ऐका, चाल बघा, पूर्वीसारखी!" आणि मास्तर डोळे पुसत उगाच आकाशाकडे बघत होते.

नळी पुरी झाली. लोखंड काळवंडत आलं. आता थांबवायचं होतं. आणि तिचा हात धजेना. जन्मभर ज्या आवाजापुढे ती थांबत आली, तो तिनं करायचा? त्याला? धप्प, अजून एक, जरुरीपेक्षा जास्तीचा. समोर घण पुन्हा डोक्यावर गेला.

तिनं डोळे मिटले आणि कोऱ्या ऐरणीवर हातोडी हाणली.

आवाज तिठा ओलांडून गेला. तिनं डोळे उघडले. घण हवेत होता, त्याच्या डोक्यावर, जिथल्या तिथे. हात थरथरत होते, म्हाताऱ्या माणसाचेच हात ते. पण घण तसूभर खाली आला नव्हता.

"बघितलंस?" लोहार म्हणाला. "याला म्हणतात थांबणं."

आणि ठोकेकाकू, सगळ्या गावादेखत, कुंडीच्या कडेवर मटकन खाली बसली.